रीनाच्या दोन बांध्या

तर रीनानं ते बटण दाबलं, इथवर काल सांगून झालं होतं. पण अर्धी मंडळी काल डुलक्या घेत होती, म्हणून जरा मागून घेतो.

रीना म्हणजे आमच्या केशवरावांची मुलगी. सानगडीच्या बाजारात तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गोंदिया वेगळं झालं त्या साली ती जन्मली, म्हणून बाप तिला लाडानं ‘नवा जिल्हा’ म्हणायचा. तिच्या कॉम्प्युटरवर एक भारी गंमत होती. पडद्याचे उभे दोन भाग; डावीकडे एका जागेतल्या फायली, उजवीकडे दुसऱ्या जागेतल्या. मला तर त्या मध्ये मातीचा धुरा असलेल्या, धानाच्या शेतातल्या दोन बांध्याच वाटायच्या. या बांधीतले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटा, त्या बांधीत रोवा! माझ्या मोबाइलमध्येही तिनं तसंच बसवून दिलं. मी दुकानात स्टुलावर बसून बघत राहायचो, आणि चहाही तीच पाजायची.

तिथंच मंदाबाई नवऱ्याचं मेमरी कार्ड घेऊन आली. तिचा तेजराम दंडारीत, गावच्या नाच-गाण्याच्या खेळात, गायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत तो उभा राहिला की पोरंसोरंही गप्प व्हायची. तो वारला, जुना फोन बंद पडला, उरलं ते कार्ड. त्यातलं सगळं तिला नव्या फोनमध्ये हवं होतं. रीनानं डावीकडे कार्ड उघडलं, उजवीकडे नवी रिकामी जागा. दोन्ही बाजू सारख्या करायचं एक बटण असतं, पण कोणत्या बाजूसारखं करायचं ते बाणानं आधी दाखवावं लागतं. रीना दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. बाण उलटा राहिला. मशीननं विचारलं, नक्की का? हिनं हो म्हटलं. दोन्ही बांध्या सारख्या झाल्या. दोन्ही रिकाम्या.

मग तिनं नाना उपाय केले. फायलींची नावं परत आली, आवाज काही आला नाही. मंदाबाईला मात्र ती म्हणाली, मावशी, थोडा वेळ लागेल. पुढच्या बाजाराला मंदाबाई लाखोरीची भाजी खुडून घेऊन आली. पोरगी आपल्यासाठी खपते आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती. रीनानं भाजी घेतली. मग हिवाळाभर तेच चाललं: तिकडून भाजी, इकडून ‘थोडा वेळ लागेल’.

मधल्या दिवसांत रीना स्कूटीवर एकोडीपासून पार कुठंकुठं फिरली. ज्यांनी ज्यांनी तेजरामची दंडार मोबाइलवर भरून ठेवली होती, त्यांच्याकडून गाणी मागून आणली. उजवी बांधी पुन्हा भरली. मोठ्या आनंदानं तिनं मंदाबाईला बसवून एकेक गाणं ऐकवलं. मंदाबाई मान डोलवत होती. मग म्हणाली, “हे मंडईतलं झालं, हे साऱ्याईचंच हाय. तो घरी बसून गाते अन् मंधातच मले बकरी हाकलाले सांगते, ते लाव.”

तेव्हा रीनानं सगळं सांगितलं. मी स्टुलावर होतो. माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

मंदाबाई रागावली नाही. फोन पदरात बांधला आणि उठताना एवढंच बोलली, “गेलं तं गेलं, पोरी. पन माही भाजी खातानी तुले एकदाही सांगावंसं नाही वाटलं?”

त्यानंतर रीनाच्या दुकानात नवाच कायदा आला. शेवटचं ‘हो’ ती स्वतः दाबत नाही. ज्याचा माल त्यानं डावी-उजवी बघायची आणि आपल्याच बोटानं दाबायचं. वाचता येत नसेल तर ती समजावून सांगते. दुकानात येणारे मधुकरराव चिडवतात, “काहून वं, अंगठा घेऊन माहा सातबारा तं नाही ना चढवून राहिली नावावर?” ती हसते, पण बोट त्यांनाच ठेवायला लावते.

मंदाबाई आताही येते, चार्जर बदलून नेते, बसून चार गोष्टी करते. भाजी मात्र आणत नाही. परवा ती गेल्यावर मी रीनाला म्हटलं, बाई येऊन राहिली, बोलून राहिली, आता तू सोड ना ते बोटाचं खूळ. ती मान खाली घालून स्क्रू फिरवत होती. म्हणाली,

“मले माह्या ‘हो’चा भरोसा नाही राह्यला, आबाजी. कार्ड चुकून पुसलं. भाजी चुकून नाही ना खाल्ली.”