बहिऱ्यांच्या शाळेत हाताची घडी

"ऐकू येतं का तुला? ऐ—कू ये—तं का?"

अध्यक्षसाहेब असे गरजले की पेठच्या घाटात निवांत चरणारी गुरं उधळून थेट गुजरातच्या हद्दीत शिरली. मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. समोर माझी ताई बसली होती. ताई जन्मापासून बहिरी. शाळा बहिऱ्या मुलांची. मुलाखत त्याच शाळेतल्या शिक्षिकेच्या जागेसाठी. अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलेलं, मला ऐकू येत नाही. तरी साहेबांना खात्री करून घ्यायची होती. दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार माणूस. फवारणीच्या ब्लोअरवरून गड्यांना हाका मारून मारून आवाज कमावलेला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांच्या मिशा अशा खाली उतरल्या होत्या की ओठ वाचायचे तर आधी न्हावी बोलवावा लागला असता. मी हातांनी सांगितलं, ऐकू येतं का विचारतायत. ताईनं मान हलवली. नाही.

"बघा!" साहेब मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे वळले. "स्वतःच कबूल करतेय!"

आमच्या डोंगरातला बहिऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास सगळा असाच, घसा फोडण्याचा. आधी भगतानं ताईच्या कानात फुंकर मारली. ती दुसऱ्या कानातून निघून आमच्या चुलीतला विस्तव विझवून गेली. मग मावशीनं फर्मान काढलं, "लय जोरात बोला, ऐकल ती!" अख्खा पाडा ताईशी ओरडून बोलायला लागला. ताईला काही कळलं नाही, पण पलीकडच्या पाड्याला आमच्या घरातलं सगळं कळलं. मग ही पत्र्याची शाळा निघाली. मुलांनी तोंडानं बोलावं म्हणून इथं हातवाऱ्यांना बंदी. 'हाताची घडी, तोंडावर बोट' करतच आपण सगळे शिकलो. इथं तोंडावरचं बोट काढलं, घडी तेवढी ठेवली. बहिऱ्या पोराच्या हाताची घडी म्हणजे तोंडाला कुलूपच. ताई वर्गात घडी घालून बसली आणि बोलायला शिकली पाण्याच्या टाकीमागे, जिथं मोठ्या मुली हात मोकळे सोडायच्या. सुट्टीत घरी आली की मला शिकवायची. पुढे नाशिकला जाऊन तिनं पदविका घेतली, ती एकाच हट्टापायी: शिकवायचं तर याच शाळेत.

"बहिरी बाई पोरांना बोलायला काय शिकवणार?" साहेब म्हणाले.

"साहेब, ऐकू येणारे सगळे इथं रेंज नाही म्हणून पळाले," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक तास घेऊ द्या हिला. मग ठरवा."

वर्गात मुलं घडी घालून बसलेली. ताईनं त्यांच्यासमोर स्वतःच्या हातांची घडी घातली, आणि सोडली. मुलांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यासरशी वर्गातले सगळे हात उठले. वारा सुटला म्हणता! भिंतीवरचा नकाशा उडाला, पत्रा थरथरला. भांडणं, चहाड्या, कोणाच्या शेळीला काय झालं, सगळं एकदम. आणि आवाज म्हणाल तर माशी घोंगावली तरी ती भाषण ठोकतेय असं वाटावं.

"गप्प बसा!" साहेब त्या शांततेत गरजले. "काय गोंधळ मांडलाय!"

कुणी वळूनही पाहिलं नाही. पहिल्या बाकावरची एक पोरगी मात्र साहेबांच्या गळ्याच्या फुगलेल्या शिरा निरखत होती. घोकून घेतलेल्या 'कमळ'पलीकडे जिच्याकडून कधी काही निघालं नव्हतं, तिनं ताईला हातांनी काहीतरी विचारलं. ताईनं उत्तर दिलं. पोरीनं समजूतदारपणे मान डोलावली.

"साहेब, ही पहिल्यांदाच काही विचारतेय," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

ऑफिसात नेमणुकीचा कागद टेबलावर आला. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "तू सांग रे. काय विचारलं पोरीनं? मग बघू सहीचं."

थापांचा तुटवडा मला जन्मात कधी पडला नाही. 'हे मोठे साहेब कोण?' ही तर जिभेवर तयारच होती. पण ताई माझ्या ओठांकडे बघत होती, आणि मला मिशा नाहीत.

"विचारलं, हे का ओरडतायत?"

"मग हिनं काय सांगितलं?"

"म्हणाली, त्यांना हातांनी बोलता येत नाही. बिचाऱ्यांना शाळा मिळाली नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला, खिसा चाचपला.

"पेन द्या," ते म्हणाले.