वस्तादांचा कान

गल्लीतले सगळे त्यांना वस्ताद म्हणत, ते त्यांच्या कानामुळे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि रोग सांगायचा. तो कान कधी चुकला नाही, असं निदान वस्ताद तरी सांगत. घरी मात्र त्यांची एकच तक्रार होती. बायको म्हातारपणी फार ओरडायला लागलीय. "मी काय बहिरा आहे का?" असं ते रोज एकदा तरी विचारत.

त्या सकाळी मेव्हण्याची जुनी जीप सुरू करायची होती. इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधलेलं, त्यात कॅमशाफ्ट कोरा करकरीत. या शाफ्टवरचे उंचवटे टॅपेटना ढकलतात आणि त्यानं व्हॉल्व्ह उघडतात. उंचवट्यांची आणि टॅपेटची पहिली वीस मिनिटं म्हणजे नवा संसार; तेव्हा जुळलं तर जन्माचं जुळलं. इंजिन हळू चाललं तर त्यांच्यावर तेल पुरेसं उडत नाही, म्हणून सुरू झाल्या झाल्या वेग चढाच ठेवायचा. हा शाफ्ट मिळवायला मेव्हण्यानं वर्षभर दुकानांचे उंबरठे झिजवले होते. दुसरा मिळायची आशा नव्हती.

वस्तादांनी बायकोला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "वेगाचा काटा इथंच ठेवायचा. आभाळ कोसळलं तरी पाय उचलायचा नाही. काही वाजलंच तर मला ऐकू येईल."

इंजिन गरजलं. वस्तादांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले आणि गालातल्या गालात हसले. बायकोनं हाक मारली. त्यांनी डोळे न उघडताच अंगठा दाखवला. तिनं पुन्हा मारली, पुन्हा अंगठा. तिसऱ्या वेळी मात्र तिनं सरळ चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"अगं, काय केलंस हे? सगळ्यावर पाणी फिरवलंस."

"टकटक येत होती. सुरू केल्यापासून."

"कसली टकटक? लोण्यासारखं चाललं होतं."

तेवढ्यात समोरचा टायरवाला हात पुसत रस्ता ओलांडून आला. "वस्ताद, काय वाजत होतं हो? पार दुकानात ऐकू येत होतं."

वस्तादांनी वरचं झाकण काढलं आणि इंजिन हातानं फिरवलं. व्हॉल्व्ह दाबणारे सगळे रॉकर नीट उचलले गेले, एक जेमतेम हलला. त्याच्या खालच्या अडकलेल्या टॅपेटनं नवा उंचवटा खाऊन टाकला होता. लगेच थांबवलं असतं तर वाचलाही असता. टायरवाला शहाणा, तो आल्या पावली परत गेला.

वस्ताद जुन्या टायरवर मटकन बसले. गुरगुर त्यांना ऐकू आली होती, टकटक नाही. फोन वाजत नाही म्हणून त्यांनी तो दोनदा खोलून पाहिला होता, तेही आता आठवलं.

"घरात तू ओरडायचीस ते..."

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "लेकीलाही माहितीये."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, ओरडू नकोस."

आयुष्यभर ज्या कानावर वस्तादांनी भाकरी खाल्ली, तो कधीच निघून गेला होता, आणि त्यांना सोडून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

ती शेजारी येऊन बसली, चिंधीनं त्यांची ग्रीसची बोटं पुसू लागली आणि हळूच काहीतरी म्हणाली. ओठ हललेले त्यांना दिसले. अशा वेळी ते मान डोलवत आले होते, गिऱ्हाइकांपुढे, जावयापुढे, तिच्यापुढेही. आताही मान हलणारच होती, ती त्यांनी आवरली.

"ऐकू नाही आलं," वस्ताद म्हणाले. "परत सांग."