शालिकभाऊ पालथं करायचे तेव्हा

शालिकभाऊंच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी अतिदक्षता विभागात सकाळच्या ड्युटीचा चार्ज घेत होते. "सिस्टर, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. चहा पिऊन दारात बसले होते, बसल्या जागी मान कलली... मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटकडे वळले. आमच्या कामात थांबता येत नाही. रडू आलं ते दुपारी, कपडे बदलायच्या खोलीत. त्याला आता दीड महिना झाला.

शालिकभाऊ आमच्याकडे वॉर्डबॉय होते. 'बॉय' आपलं म्हणायचं म्हणून, आले तेव्हाच चाळिशी उलटली होती. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी कळमन्याच्या बाजारात धान्याची पोती वाहिली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने दवाखान्यात लागले. रुंद खांदे, आखूड मान आणि मिशीतल्या मिशीत हसणं. डबा उघडला की पहिला घास आम्हा सिस्टरांचा. "चाखून त पाहा जी, माह्या बायकोनं सांबारवडी पाठवली." नवी पोरगी ड्युटीवर रडताना दिसली की विचारायचे, "काहून रडून राहिली वं? पहिले आईले फोन लाव, मंग रड."

पण त्यांची खरी आठवण सुनंदाच्या वेळची. करोनाच्या आधीची गोष्ट. सुनंदा कुहीकडच्या एका खेड्यातली, तिशीची. धानाच्या बांधीवर गवत कापताना बारीक किडा चावला आणि स्क्रब टायफसचा ताप अंगात भिनला. आमच्याकडे आली तोवर दोन्ही फुफ्फुसं भरली होती. व्हेंटिलेटरवरून पूर्ण ऑक्सिजन देऊनही रक्तातलं प्रमाण ऐंशीच्या वर सरकेना. आमचे डॉक्टर म्हणाले, "पालथं घालू या. दुसरं काही उरलं नाही." तोवर आम्ही ते प्रशिक्षणात पाहिलं होतं, स्वतःच्या हातांनी केलं नव्हतं.

गुंगीच्या औषधाखालचं माणूस पालथं करायला पाच जण लागतात. तोंडातली श्वासाची नळी धरून डॉक्टर डोक्याशी, दोन्ही बाजूंना दोघे दोघे. अंगाखाली एक चादर, अंगावर एक, दोन्हींच्या कडा एकत्र गुंडाळायच्या, आधी एका बाजूला सरकवायचं, मग कुशीवर, मग पालथं. सगळं तीनच्या आकड्यावर. शालिकभाऊंनी दोनलाच ओढलं. जन्मभराच्या सवयीने, एका झटक्यात. सुनंदाचं अंग पुढे आलं आणि डॉक्टरांच्या हातातली नळी ताणली गेली. "शालिक, हे पोतं नाही!" डॉक्टर ओरडले. नळी निसटली नाही, एवढंच नशीब. मॉनिटरवरचा आकडा घसरत साठाजवळ गेला, तिथे घुटमळला आणि हळूहळू चढायला लागला. दुपारपर्यंत नव्वद झाला.

शालिकभाऊ मात्र भिंतीला टेकून उभेच. डबा उघडला नाही. मी म्हटलं, "भाऊ, चुकतं माणूस." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोतं फाटलं त धान्य गोळा करता येते, सिस्टर. तिचे दोन लेकरं बाहेर बसून हायेत."

असं सोळा तास पालथं ठेवून मग उताणं करतात. पहाटे रात्रपाळीने तिला उताणं केलं, आकडा पुन्हा उतरला, म्हणून सकाळी परत पालथं करायचं ठरलं. मला वाटलं, शालिकभाऊ आज तोंड चुकवतील. ते सगळ्यांच्या आधी हजर. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, मले पहिले नळ्या पाहू द्या." तोंडातली, मानेतली, हातातली, एकेक नळी बोट लावून पाहिली. चादरीला हात घातला आणि "थांबा!" लघवीची नळी मांडीखाली दबली होती. ती सोडवली. मग वाकून सुनंदाच्या कानाशी म्हणाले, "बाई, तुले पालथं करून राहिलो. भेऊ नको." ती गुंगीत होती, तिला काय ऐकू जाणार... पण डॉक्टरांनी ते बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मगच 'एक' म्हटलं. तव्यावर पोळी उलटावी इतकी ती अलगद वळली.

त्याच दुपारी तिच्या नवऱ्याने काचेतून आत पाहिलं आणि तो हादरला. "तिले अशी पालथी काहून टाकली जी?" शालिकभाऊंनी त्याला खाली बसवलं. "थप्पीतले खालचे पोते दबते का नाही? तसा पाठीकडचा फेफडा दबून राहिला होता गा. आता वजन निघालं, तिकडं हवा जाऊन राहिली." इतकं सोपं आम्हाला कधी सांगता आलं नाही. सहाव्या दिवसानंतर पालथं करायची गरज उरली नाही. महिन्याभराने सुनंदा स्वतःच्या पायांनी घरी गेली.

पुढे करोना आला. मग तर मोजदाद राहिली नाही. किती जणांना वळवलं, त्यातले कितीतरी परतले नाहीत. त्या दिवसांतही शालिकभाऊ प्रत्येकाला आधी सांगायचे, मगच चादरीला हात लावायचे.

गेल्या आठवड्यात जरीपटक्याला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंग. त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, मला त्यावर बसवलं. बोलता बोलता सुनंदाची गोष्ट निघाली. मी म्हटलं, "कळमन्यात तयार झालेले हात होते त्यांचे. एका दिवसात शिकले."

"कायचं एका दिवसात जी?" शेवंताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी संध्याकाळी आले, जेवले नाही. मले म्हणे, पलंगावर पड. तोंडात पेन्सिल धराले लावली, हातापायाले पायजम्याचे नाडे बांधले. शेजारचे दोघं बोलावले, इकडून पोरगी. एक, दोन, तीन करून मलेच पलटवून राहिले! नाडा ताणला का म्हणे, मेली वं तू, चाल, पुन्हा. भात करपला माह्या." त्या हसायला लागल्या, मी पण हसले.

"किती वेळा पलटवलं?"

"मोजलं कोणं? आन् पालथी झाली का पहिले कान पाहे माह्या. खाली मुडला त नाही म्हणे, दुखत त नाही..."

बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्या कानाशी गेला आणि तिथेच राहिला.