कोर्सांची बदली

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी हजारो शिक्षकांना कळवून टाकलं, की उद्या परीक्षा आहे. परीक्षा कुठलीच नव्हती. ती चार वर्षांपूर्वी होऊन गेली होती. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी ऑफिसबद्दल सांगायला हवं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, लग्न होऊन पुण्याहून नुकतीच गुडगावला आलेली. गुडगावात त्या वेळी सगळंच नुकतं आलेलं होतं. मेट्रोचे नुसते खांब उभे होते. आमच्या इमारतीला पुढून निळी काच होती आणि मागच्या रिकाम्या प्लॉटवर म्हशी बसायच्या. लाइट गेले की तळमजल्यावरचा जनरेटर धडधडायला लागायचा आणि टेबलावरचा चहा कपात थरथरायचा. मला ते फार आवडायचं. पुण्यात आईला वाटायचं मी जंगलात जाऊन राहिले आहे. मला वाटायचं मी बरोब्बर उद्घाटनाच्या दिवशी पोचले आहे.

आमची कंपनी शाळेतल्या शिक्षकांसाठी ऑनलाइन कोर्स चालवायची. हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शिक्षक सायबर कॅफेतून नाहीतर शाळेच्या कॉम्प्युटरवरून धडे वाचायचे, चाचण्या द्यायचे. एकमेकांशी बोलायला प्रत्येक कोर्सला एक चर्चेचं पान होतं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं ते म्हातारं झालं होतं. दीड महिन्यात ते बंद होणार, त्याच्या आत एकशे साठ कोर्स नव्या सॉफ्टवेअरवर न्यायचे, आणि हे काम माझ्याकडे आलं. माझ्या मदतीला एक काका दिले होते.

काका म्हणजे दिल्लीत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले मराठी मास्तर. मुलगी केंद्र सरकारात अधिकारी, तिच्या आर. के. पुरममधल्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि दोन बसेस बदलून गुडगावला यायचे. कोर्समधल्या गणिताच्या चुका शोधायला कंपनीने त्यांना ठेवलं होतं. मी पहिल्या दिवशी त्यांना समजावून सांगितलं, की जुन्या सिस्टिममधून प्रत्येक कोर्सचं एक गाठोडं बाहेर काढायचं आणि नव्या सिस्टिममध्ये नेऊन सोडायचं. मायग्रेशन म्हणतात त्याला.

"अच्छा, म्हणजे बदली," काका म्हणाले. "आमच्या कॉलनीत दर जूनला बघतो. ट्रक लागतो, सामान चढतं, आणि नव्या गावी उतरवताना मिक्सरचं झाकण सापडत नाही."

अगदी तसंच झालं. पहिलं गाठोडं सोडलं तर सगळी हिंदी गायब, पानभर नुसती प्रश्नचिन्हं. जुना फॉन्ट नव्या सिस्टिमला वाचताच येत नव्हता. ते निस्तरायला आठवडा गेला. मग अपूर्णांकांच्या धड्यातल्या मधल्या रेघा पडल्या आणि एक छेद दोनचे बारा झाले. मग चाचण्या. काकांनी एक चाचणी सोडवायला घेतली आणि दोन मिनिटांत हसायला लागले.

"अगं, इकडे ये. मी डोळे मिटून पहिलाच पर्याय दाबतोय. शंभरपैकी शंभर!"

"दुसरी बघा ना काका."

"दुसरीतही शंभर. इतिहासातही शंभर! मला इतिहासात आयुष्यात पस्तीसच्या वर मिळाले नाहीत."

सामान उतरवताना सगळी बरोबर उत्तरं पहिल्या नंबरवर जाऊन बसली होती. मला रडू यायला हवं होतं, पण काकांचं हसणं बघून मलाही आवरेना. आम्ही दोघं इतकं हसलो की मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. मॅडम म्हणजे आमच्या साहेब, पन्नाशीच्या पंजाबी बाई, आवाज खणखणीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "क्या हो रहा है यहाँ?" काकांनी त्यांनाही खुर्चीवर बसवलं. मॅडमनी भौतिकशास्त्रात शंभर मार्क मिळवले आणि हसत हसत पर्समधून रुमाल काढला.

असं करत करत दीडशे कोर्स पोचले. रोज काहीतरी फुटायचं, आम्ही ते जोडायचो, आणि जोडलं गेलं की काका खिशातून आवळ्याची सुपारी काढून मला द्यायचे. कामावर जायला इतकी घाई मला त्याआधी कधी झाली नव्हती, नंतरही फारशी नाही.

राहिले दहा कोर्स, आणि सगळ्या कोर्सांची चर्चेची पानं. मॅडम म्हणाल्या, ती सोडून द्या, पाच वर्षांच्या जुन्या गप्पा कोण वाचणार? मलाही ते पटलं होतं. काकांना नाही.

"मॅडमजी, बच्चों ने जो पूछा है, वो फेंक देंगे?"

"वो बच्चे नहीं हैं, टीचर हैं."

"जो पूछता है वो बच्चा," काका शांतपणे म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा बाबा, ले जाओ."

तर त्या मंगळवारी मी सगळी चर्चापानं एकदम नव्या सिस्टिममध्ये सोडली. एक बारीक चौकट होती, 'नवा संदेश आल्यास सभासदांना ईमेल पाठवा'. त्यात आधीपासूनच बरोबरची खूण होती आणि ती मी काढली नाही. पाहिलीच नाही. नव्या सिस्टिमच्या लेखी पाच वर्षांतला प्रत्येक संदेश आजच लिहिलेला होता. तिने ते सगळे संदेश, कोर्स पुरा केलेल्या आणि मधेच सोडलेल्या सगळ्या शिक्षकांना, मुकाट्याने पाठवायला सुरुवात केली.

पहिला फोन अलवरहून आला. "मॅडम, कल परीक्षा है? हमें तो किसी ने बताया नहीं!" मला काही कळेना. दुसरा फोन मेरठहून, तोच प्रश्न, आवाज रडवेला. मग मी माझी ईमेल उघडली. 'कल परीक्षा है, सब लोग तैयारी कर लो.' त्याखाली, मे महिन्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, दिवाळीच्या शुभेच्छा. त्याखाली रोहतकच्या एका शिक्षकाने त्याच्या लग्नाचं सगळ्या बॅचला दिलेलं आमंत्रण, रविवारी सहकुटुंब यावे.

मी धावत जाऊन पाठवणं थांबवलं, पण तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. ऑफिसातले तिन्ही फोन एकदम वाजत होते. मी काकांना म्हटलं, "काका, मी गेले. नोकरी गेली माझी."

"आधी परीक्षेचं निस्तर. नोकरीचं मग बघू."

आम्ही घाईघाईने 'परीक्षा नाही' असं एक पत्र सगळ्यांना पाठवलं. मग मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. चौकट, खूण, माझं दुर्लक्ष, काही लपवलं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या काही बोलणार तेवढ्यात त्यांच्याच टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"नमस्ते जी, रोहतक से बोल रहा हूँ. मेरी शादी का कार्ड आज फिर सबको चला गया है. मेरे दो बच्चे हैं जी. लोग बधाई दे रहे हैं, पूछ रहे हैं दूसरी है क्या? मेरी घरवाली भी पूछ रही है."

मॅडमनी ओठ घट्ट मिटून त्याची माफी मागितली, फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसायला लागल्या. मी उभी. हसावं की रडावं कळत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "जा, सबको सॉरी लिख. और ये पन्ने हटा दे."

मी माफीचं पत्र लिहायला बसले, तर काकांनी माझा माउसवरचा हात धरला. "थांब. पानं काढू नकोस. आधी वाच."

लोक उत्तरं देत होते. अजमेरची बाई झाशीच्या बाईला विचारत होती, तू अजून त्याच शाळेत आहेस का? कोणी मुलाच्या पहिलीतल्या मार्कांबद्दल लिहिलं होतं, कोणी बदलीबद्दल. आणि एका प्रश्नाखाली उत्तरांची नुसती रांग लागली होती. चार वर्षांपूर्वी पानिपतच्या एका बाईने रोमन अक्षरांत हिंदी लिहून विचारलं होतं, 'भिन्न से भाग देते समय उसे उल्टा क्यों करते हैं? मुझे बच्चों को बताना है. कोई है?' भिन्न म्हणजे अपूर्णांक. तेव्हा तिला एकाही माणसाने उत्तर दिलं नव्हतं. आता चौतीस जणांनी दिलं होतं. काहींनी नुसतं लिहिलं होतं, 'दीदी, मुझे भी नहीं पता, पर मैं हूँ.'

दुपारी तिचाच फोन आला. मी उचलला.

"मैं पानिपत से. वो सवाल मैंने चार साल पहले पूछा था."

"हो, म्हणजे हाँ जी, गलती हो गई, माफ कीजिए..."

"गलती?" ती म्हणाली. "मैडम, जवाब नहीं आया तो मुझे लगा मैंने कुछ बेवकूफी की बात पूछ ली. शर्म आई. कोर्स छोड़ दिया था मैंने. अब स्कूल के दफ्तर में बैठती हूँ, फीस की रसीदें काटती हूँ. आज कंप्यूटर खोला तो चौंतीस चिट्ठियाँ! पर समझ में अब भी नहीं आया."

मी स्पीकर लावून फोन काकांकडे दिला. काका ताठ बसले, जणू वर्गात शिरले.

"बेटा, घर में क्या काम होता है?"

"ससुराल में खड्डियाँ हैं जी. चादरें बनती हैं." खड्डी म्हणजे हातमाग.

"बढ़िया. चार मीटर कपड़ा है. आधे-आधे मीटर के टुकड़े काटो. कितने बने?"

"आठ."

"तो चार को आधे से भाग दिया, आया आठ. और चार को दो से गुणा करो तो?"

मी स्पीकरजवळ कान नेला. मग ती एवढ्या मोठ्याने हसली की मॅडम केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"एक मीटर में आधे दो निकलते हैं, इसलिए उल्टा! बस इतनी सी बात थी?"

"बस इतनी सी," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मॅडमनी पानं काढायला लावली नाहीत. उलट त्या बाईचं नाव नव्या सिस्टिममध्ये स्वतः घातलं, आणि तिने जिथे कोर्स सोडला होता तिथूनच तो पुढे सुरू करून दिला. जुनं सॉफ्टवेअर ठरल्या दिवशी बंद झालं, त्याच्या दोन दिवस आधी आमचा एकशे साठावा कोर्स पोचला होता. दिवाळीच्या सुमाराला पानिपतहून फोन आला, की ती पास झाली आहे, त्याच शाळेत तिला पाचवीचा वर्ग मिळाला आहे आणि आम्ही तिघांनी एकदा घरी यायलाच हवं.

मी आईला फोनवर सांगितलं, की शनिवारी पानिपतला चालले आहे. आई म्हणाली, "पानिपतला? एकटी नाही ना?" जणू लढाई मागच्या आठवड्यात संपली होती. मी म्हटलं, "नाही गं, बरोबर एक मराठी मास्तर आहेत आणि एक पंजाबी बाई." त्याने तिची काळजी कमी झाली की वाढली, ते कळलं नाही.

मॅडमच्या गाडीतून गेलो. काका पुढे बसले होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. तिचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं, अंगणात रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, आतून मागांची खटखट येत होती. ती तिशीतली, ठेंगणी, भरभर बोलणारी. तिने आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "आपने तो मेरी क्लास देखी ही नहीं." शनिवारी दुपारी ती मागांच्या शेडमध्ये गल्लीतल्या मुलांना आणि मागावरच्या दोन-तीन बायकांना शिकवायची. आम्ही गेलो. मॅडम आणि मी सुताच्या गठ्ठ्यांवर बसलो. काका सरळ खाली, मुलांमध्ये मांडी घालून बसले.

ती फळ्यावर लिहीत होती. तीन मीटर कापड, पाव पाव मीटरचे तुकडे, किती? काकांनी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"हाँ, अंकल?"

"पौन!" काका म्हणाले, गंभीर चेहऱ्याने, मुद्दाम. पौन म्हणजे पाऊण, उलटं न करताच गुणलेलं उत्तर.

मुलं खिदळली. ती मात्र हसली नाही. तिने खडू खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "अंकल, ध्यान कहाँ है आपका? तीन मीटर में से काट रहे हो और एक मीटर भी नहीं बचा? फिर से सोचो. सब लोग रुकेंगे." आणि खरंच सगळा वर्ग थांबला. काकांना बोटांवर मोजून बारा म्हणावं लागलं, तेव्हा कुठे ती पुढे सरकली.

परतीच्या वाटेवर मॅडम गाडी चालवत मोठ्याने गात होत्या आणि सूर कुठल्या कुठे जात होता. काका मागे वळून वळून मला सांगत होते, "मला रागावली गं! बघितलंस ना? भर वर्गात रागावली!" शाबासकी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. मुरथलला पराठ्यांसाठी थांबलो, तर तिथल्या वाढप्यालाही त्यांनी तेच सांगितलं.