लाल घोडीची खोड

उस्तादांच्या हातून आयुष्यात एकच घोडी बिघडली, असं जयपूरच्या घोडेवाल्यांत बोललं जायचं. ते खरं नाही. ती मी बिघडवली. ऐंशी ओलांडल्यावर हे लिहितो आहे, कारण उस्ताद केव्हाच गेले आणि हे जाणणारा मी एकटाच उरलो.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत होतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर आदर्शनगरात, मी कॉलेजात. सकाळी सायकल हाणत मी झोटवाड्याच्या वाटेवरच्या मैदानावर जायचो. रिसाल्यातून निवृत्त झालेले उस्ताद तिथे लोकांचे कोवळे घोडे खोगिराला तयार करत. त्यांना हलका स्वार हवा होता. मी काटकुळा होतो, एवढीच माझी लायकी.

ती लाल मारवाडी घोडी एका ठाकूरसाहेबांची, त्यांच्या मुलीसाठी. ती पसंत पडली, तर आणखी तीन शिंगरं उस्तादांकडे येणार होती. उस्तादांची रीत ठरलेली. आधी महिनाभर नुसतं हातात धरून फिरवणं, मग रिकामं खोगीर, मग त्यावर वाळूची पोती, आणि शेवटी मी. थांबवायचं ते लगाम ओढून नाही. पाठ ताठ करायची, श्वास सोडायचा, घोडी आपोआप थांबते.

उस्तादांखाली थांबायची. माझ्याखाली ती थेट मैदानाच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत जायची आणि मला फांद्यांत सोडायची.

"आपके पुरखे अटक तक घोड़े ले गए थे," उस्ताद म्हणायचे. "आपसे नीम के इस तरफ़ नहीं रुकती?"

मला ते लागलं. दिवाळी नुकतीच झाली होती, आईच्या शंकरपाळ्यांचा डबा भरलेला होता. मी खिसा भरून नेला. उस्तादांची पाठ वळली की लगाम जरा खेचायचा, घोडी थबकली की वाकून माझ्या डाव्या गुडघ्यापाशी एक शंकरपाळी द्यायची. चार दिवसांत ती सुतासारखी सरळ झाली.

"अब बैठना आया," उस्ताद म्हणाले. मी ती शाबासकी गुपचूप खिशात घातली.

दाखवायच्या दिवशी ठाकूरसाहेब मुलीला घेऊन आले. उस्ताद स्वतः चढले. घोडी पाच पावलं चालली, थांबली, मान डावीकडे वळवून त्यांचा गुडघा हुंगू लागली. उस्तादांनी टाच दिली. पुन्हा पाच पावलं, पुन्हा गुडघा. मुलगी पोट धरून हसली.

"उस्तादजी, घोड़ी बनाई है या भिखारन?" ठाकूरसाहेब म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. उस्ताद उतरले आणि शांतपणे म्हणाले, "कसूर मेरे हाथ का है, हुज़ूर. दो महीने और दीजिए."

दोन महिने मिळाले. तीन शिंगरं मात्र दुसऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी रिकिबीत पाय घालणार, तोच उस्ताद म्हणाले, "पहले जेबें उलटिए."

चुरा खाली पडला. एक अख्खी शंकरपाळी निघाली, ती त्यांनी तोंडात टाकली.

"किसने बनाई?"

"माँ ने."

"तो घोड़ी का क्या कसूर."

मी विचारलं, "ठाकुर साहब को बता दूँ?"

"उससे घोड़ी सीख जाएगी? बैठिए."

मला हायसं वाटलं. लाज वाटते ती त्या हायसं वाटण्याची.

मग आम्ही वाळूच्या पोत्यांपासून पुन्हा सुरुवात केली. घोडी आठवडाभर माझ्या गुडघ्याकडे आशेने बघायची, रुसायची, एकदा तर तिने बूटच चावला. आणि एका सकाळी मी पाठ ताठ केली, श्वास सोडला, आणि ती थांबली. लगाम सैल होता. तिचे मारवाडी घोड्यांसारखे टोकाशी आत वळलेले कान माझ्याकडे फिरले होते. तसा आनंद मला पुढे नोकरीत कधी मिळाला नाही.

"एक बार और," उस्ताद म्हणाले.

ठाकूरसाहेबांच्या मुलीने घोडी आनंदाने नेली. पण उस्तादांचा हात आता थकला, हे ठाकूरसाहेब चारचौघांत सांगत राहिले. त्यांच्या हवेलीचं फाटक माझ्या वाटेवरच होतं. वडिलांची बदली होईपर्यंत मी रोज त्यावरून सायकलने गेलो, आणि एकदाही उतरलो नाही.