झुंबरशेठच्या फ्लेक्सवरची लेक

गहू निम्मे निवडून झाले होते. निवडलेले सुपात, राहिलेले परातीत. तेवढ्यात समोरची गिरणी थांबली. लाइट गेली म्हणावं तर माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. यशोदावहिनी दळण मध्ये सोडणाऱ्यातली नाही. ज्वारी पडायला लागली की डबा भरेपर्यंत तिच्याशी बोलायचं नाही, हे आमच्या गल्लीत लेकरांनाही ठाऊक आहे.

ती उंबऱ्यातच उभी राहिली. भुवया पिठानं पांढऱ्या, हातात मोबाइल.

"भाभी, चौकातला फ्लेक्स उतरवायचा तर कुणाला इचारायचं असतं?"

"कुठला फ्लेक्स?"

"माझ्या अबोलीचा."

मी परात बाजूला सारली. त्याच आठवड्यात हाच फ्लेक्स दाखवायला तिनं मला हाताला धरून चौकात नेलं होतं.

मी लग्न होऊन इंदापुरात आले तेव्हा गिरणी तिचा नवरा, नीळकंठराव, चालवायचा. तो अचानक गेला. अबोली तेव्हा शाळेत होती. दीर म्हणाले, गिरणी विका, बाईमाणसाला झिजलेल्या दगडाला छिन्नीनं टाकी लावता यायची नाही. वहिनी टाकीवाल्याच्या शेजारी बसून शिकली. पहिल्या वेळी अंगठा ठेचला, त्याचं नख अजून वाकडं आहे. त्या पिठावर पोरगी एसटीनं रोज बारामतीला जाऊन इंजिनेर झाली, मग नोकरी, मग शिकागो. तिकडं तिला आता वीसेक वर्षं झाली, तिकडचीच नागरिक आहे. वहिनी संकष्टीचा उपास धरते आणि जमेल तेव्हा मोरगावला जाऊन येते. मागणं एकच, पोरीचं नीट व्हावं. मी नमाजनंतर दुआ मागते तेव्हा माझ्या लेकरांच्या मागं अबोलीचं नाव घेते. ते कधी सुरू झालं ते आता आठवत नाही.

तर ही अबोली शिकागोच्या महापालिकेला एका वॉर्डातून उभी होती. तिकडची रीत तिनं आम्हा दोघींना फोनवर समजावून सांगितली होती. वॉर्ड पन्नास, वॉर्डाला एक नगरसेवक, आणि महापौराला लोक वेगळं मत देतात. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. अबोलीचा मुद्दा फुटपाथवरच्या बर्फाचा होता. पालिका मोठे रस्ते साफ करते, फुटपाथ लोकांवर सोडते, म्हातारी माणसं घसरून पडतात. ते ऐकून वहिनी म्हणाली होती, "आपल्याकडं गटार, तितं बर्फ. उचलत कुणीच न्हाय."

आणि इकडं आमची पालिकेची निवडणूक लांबत चाललेली. इच्छुकांचे हात शिवशिवत होते. त्यात पहिला नंबर झुंबरशेठचा. वीटभट्टी आहे, बोलायला गोड, कुणाच्या मयतीला चुकत नाही. तो गिरणीत येऊन म्हणाला, "वैनी, गावाची लेक अमेरिकेत उभी राहिली अन गाव गप बसलं, असं कसं चालंल? फोटो द्या." वहिनीनं दिला. हिरवी पैठणी नेसलेला, दिवाळीतला.

फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत होतं, "इंदापूरची लेक, शिकागोची वाघीण, कु. अबोलीताई यांना प्रचंड मतांनी विजयी करा." अबोलीला कॉलेजात जाणारी पोरगी आहे, तरी नावाआधी कु. लावलंच. इथल्या एकाचंही मत तिकडं नव्हतं, पण आमच्याकडं फ्लेक्स मतांसाठी लावत नाहीत, मानासाठी लावतात. आणि मान एकट्याला देत नाहीत. अबोलीच्या शेजारी तिच्याएवढाच झुंबरशेठ, हात जोडून, खाली "भावी नगराध्यक्ष". भोवतीनं शुभेच्छुकांची तोंडं. तिच्या डाव्या खांद्याला लागून काळ्या चष्म्यातला एक जण होता, त्याच्यावर नदीतली वाळू उपसल्याची केस चालू आहे. शुभेच्छुकावर केस आहे का, हे आमच्याकडं कुणी बघत नाही. फोटो स्पष्ट आला का, तेवढं बघतात.

त्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत शिकागोला पोचला होता, हे अबोलीनं आत्ताच फोनवर वहिनीला सांगितलं. अबोलीच्या विरोधकाच्या माणसांनी एकेक तोंड शोधून काढलं. हा परदेशातला पुढारी, हा वाळूचा आरोपी, हे लोक अबोलीला निवडून आणायला निघालेत, ह्या फ्लेक्सचे पैसे कुणी दिले? तिकडं परदेशी माणसानं निवडणुकीत पैसा घालणं हा गुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वॉर्डातल्या लोकांसमोर उमेदवारांची सभा होती. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट.

"अबोली रडत न्हवती," वहिनी म्हणाली. "रडली असती तर बरं झालं असतं. लई हळू बोलत होती. आई, आज दिवस मावळायच्या आत मला त्याच्यावरनं काढ, म्हणाली. अन काढल्याचा फोटो पाठव."

मी डोक्यावर ओढणी घेतली आणि गिरणीला बाहेरून कडी लावली. आत कुणाची तरी ज्वारी अर्धी दळलेली तशीच राहिली.

झुंबरशेठच्या संपर्क कार्यालयात पाच-सहा माणसं चहा पीत बसली होती. त्यानं उठून खुर्ची दिली.

"बसा वैनी. भाभी, तुमी पण. काय म्हणती आमची वाघीण?"

वहिनीनं सगळं सांगितलं. त्याला आधी गंमतच वाटली.

"अमेरिकेत आमाला कोण वळखतंय?"

"तेच तर झालंय शेठ. वळखाया लागलेत."

माणसं हसली. झुंबरशेठही हसला, पण कप खाली ठेवला.

"वैनी, रविवारी माझा वाढदिवस हाय. तवर ऱ्हाऊ द्या. सोमवारी मी सोता उतरवतो."

"आजच पायजे. तिची सभा हाय."

"आज उतरवला तर गाव काय म्हणंल? झुंबरशेठचा फ्लेक्स उतरवला. समोरचे पेढे वाटतील. आमी मान दिला अन तुमी तो रस्त्यावर टाकाया निघाला." त्याचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पोरांस्नी कळलं ना कुणी फ्लेक्सला हात लावला, तर मी नसतो बगा त्यांच्यात. आधीच सांगून ठेवतो."

चहा पिणारे कपात बघायला लागले.  त्याच्या भट्टीवरची, त्याच्या भावकीतली निम्मी घरं वहिनीच्या गिरणीवर दळतात. ती घरं यायची थांबली तर गिरणी चालवायची कुणासाठी?

वहिनीनं पदराला लागलेलं पीठ झटकलं. मग म्हणाली, "तुमच्या तोंडाला मी कशाला हात लावू शेठ. तुमी ऱ्हावा तितं. माझी पोर तेवढी मी घरी घेऊन जाते."

झुंबरशेठ मोठ्यानं हसला. वाद मिटला असं त्याला वाटलं असावं. "न्या की. तुमचीच हाय ती."

"चारचौघांत म्हणलाय."

"व्हय व्हय, म्हणलोय. चहा घ्या."

आम्ही चहा घेतला नाही.

माझे मालक, आरिफ, यांचं इलेक्ट्रिकचं दुकान चौकातच आहे. आम्ही गेलो तेव्हा ते पंख्याची पाती पुसत होते. त्यांनी ऐकलं आणि फडकं खांद्यावर टाकलं.

"शिडी देतो. पण उद्या कुणी इचारलं शिडी कुणाची, तर काय सांगू? दुकान हितंच हाय माझं, उचलून न्हेता येत न्हाय."

मी म्हणाले, "सांगा, भाड्यानं दिली."

"मला भाडं कोण देणार हाय?" म्हणत त्यांनी शिडी बाहेर काढली. वर चढतो म्हणाले, तर वहिनी नको म्हणाली. "तुमी चढला तर आरिफभाईनं फाडला असं व्हईल. मी आई हाय. मला काय म्हणतील?"

तिनं पदर खोचला, मी पळत जाऊन घरून आणलेली कापड बेतायची कात्री कमरेला लावली आणि चढली. एक बाजू मी धरली, एक मालकांनी. ऊन उतरणीला लागलं होतं. मी कुराणातली आयतल कुर्सी म्हणत होते, आणि वर वहिनी गणपतीचं काहीतरी पुटपुटत होती.

तिनं कात्री लावली आणि थांबली. मी वर बघितलं तर तिनं कात्री मागं घेतली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्यात जित्या माणसाच्या फोटोला कात्री लावत नाहीत, आणि हे तर पोटचं लेकरू होतं, समोर पाच फूट तोंड करून हसणारं.

"वहिनी, लांबनं कापा," मी म्हणाले. "तिला लागू देऊ नका."

तिनं तसंच केलं. केसांच्या वरून, पैठणीच्या काठाच्या बाहेरून, गोधडीवर ठिगळ बेतावं तशी मोठी फेरी घेत निघाली. फ्लेक्स टरटर वाजत होता. माणसं जमली. कुणी मोबाइल वर धरले. मग दोन मोटारसायकली आल्या, झुंबरशेठची माणसं. एकानं शिडीच्या पायरीवर पाय ठेवला, तसा माझ्या हातातला बांबू हलला.

"वैनी, खाली उतरा."

"शेठनं न्या म्हणलंय. इचार त्येस्नी," वहिनी वरून म्हणाली. तिनं मान वळवली नाही.

"शेठ असं म्हणायचे न्हाईत."

"फोन लाव. मी हाय हितंच."

त्यानं फोन लावला. मालकांनी शिडी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात सोडला नाही. फोन वाजत राहिला, आणि वर कात्री चालत राहिली. एकदाचा झुंबरशेठ बोलला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. त्या माणसाचा पाय हळूच पायरीवरून खाली आला.

"शेठ म्हणत्यात, आमच्या फोटोला कात्री लागता कामा नये."

"न्हाय लागायची," वहिनी म्हणाली. मग तिनं "कु. अबोलीताई" एवढी अक्षरंही काढून घेतली.

लांबून कापल्यामुळं काळ्या चष्मेवाल्याचा एक खांदा मात्र अबोलीबरोबर आला. तो झुंबरशेठचा नव्हता, त्यामुळं कुणी काही म्हणालं नाही.

वहिनी गुंडाळी काखेत धरून उतरली. मागं फ्लेक्स तसाच होता. हात जोडलेला झुंबरशेठ, भोवती शुभेच्छुक, आणि मधोमध बाईच्या आकाराचं भोक. त्यातून पलीकडच्या बँकेची पाटी दिसत होती. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "आता बँक उभी ऱ्हायली म्हणायची," आणि दबलेलं हसू चौकभर फिरलं. मी फोटो काढला. वहिनी शिडीवर कात्री घेऊन असतानाचा एक मालकांनी मोटारसायकली यायच्या आधीच काढला होता. दोन्ही अबोलीला पाठवले. मग मी घरी जाऊन असरची, म्हणजे दिवस मावळायच्या आधीची नमाज घाईनं पढले. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी अबोलीचा फोन आला. सभेत विरोधकानं फ्लेक्स दाखवला. तिनं वहिनीचा शिडीवरचा फोटो दाखवला आणि म्हणाली, ही माझी आई, तिनं काढलं. पुढचा प्रश्न बर्फाचा आला.

 इकडं झुंबरशेठच्या भावकीतले डबे गिरणीवर यायचे थांबले. मग भट्टीवरचे. डब्यांची रांग दारातून बाहेर यायची, ती आतच मावायला लागली. वहिनी दुपारी ओट्यावर बसून राहायची. मी एकदा पाव डबा गहू घेऊन गेले तर म्हणाली, "भाभी, परवाच दळून न्हेलं तुमी. पिठात किडं करायचेत का?"

मतदान झालं. तिकडं टपालानं आलेली मतं मोजायला दिवस लागतात. ते दिवस मी मोजले नाहीत, वहिनीचा चेहरा बघत काढले. कधी अबोली पुढं, कधी तिसऱ्या नंबरला. वहिनी फोन पिठाच्या डब्यावर उभा करून ठेवायची आणि दळण घालताना मध्येच गिरणी थांबवायची. त्या फ्लेक्सच्या दिवसाआधी असं तिनं कधी केलं नव्हतं.

काल निकाल लागला. अबोली दुसरी आली, तिसऱ्यापेक्षा थोडक्या मतांनी पुढं. म्हणजे पहिल्या दोघांत. एप्रिलमध्ये पुन्हा लढत.

आज सकाळी मी गिरणीतच होते, तेव्हा झुंबरशेठ आला. स्वतः, हातात ज्वारीचा डबा. वहिनी उठली नाही. त्यानं डबा रांगेत ठेवला. रांग नव्हतीच, तरी ठेवला.

"वैनी, पोरगी फायनलला गेली की."

"गेली."

"त्या दिवशीचा तुमचा फोटो सगळ्या तालुक्यात फिरला. लोक मला हसले. मग म्हणाया लागले, झुंबरशेठनं शब्द पाळला." तो ओट्यावर टेकला. "झालं गेलं गंगेला मिळालं. आता पाडव्याला मोठा लावू. वीस बाय दहा. ह्या बारीला ते वाळूवालं न्हाय, कुणीच न्हाय. फकस्त अबोली अन मी. भिगवणच्या फ्लेक्सवाल्याला सांगून पण टाकलंय. फोटो त्याच्याकडं हायच."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं पट्टा चढवला आणि त्याची ज्वारी वर ओतली. गिरणीच्या आवाजात बोलणं होत नाही. तो बसून राहिला, दळण झालं, डबा घेऊन गेला.

"भाभी," ती म्हणाली, "त्या फ्लेक्सवाल्याच्या कम्प्युटरात असतोय का वं फोटो?"

"असतो."

"काढता येतो?"

"त्यानं काढला तर येतो."

उद्या सकाळी पहिल्या एसटीनं यशोदावहिनी भिगवणला जाणार आहे, फ्लेक्सवाल्याच्या समोर बसून त्याच्या कम्प्युटरमधून अबोलीचा फोटो काढून घ्यायला.