सदतिसाव्या पानावरचा अंगठा

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला, की मला अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं ते नवं ग्रंथालय आठवतं. साठच्या दशकात मी तिथे ग्रंथपाल होते. मेकॅनिकलसाठी अकोल्याहून पुस्तकं आली होती, बॉयलर फुटून दगावलेल्या एका फोरमनची. चोरी पकडता यावी म्हणून आतल्या एका पानावर गुप्त शिक्का मारायचा असे. त्याच सकाळी मी सदतिसावं पान ठरवलं.

पुस्तकं उघडली, तर प्रत्येकात त्याच पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा. बाकी पानं स्वच्छ.

शिपाई रहीमचाचा पुटपुटले, “बाई, पान तं आपन आजच ठरोलं. त्याले कसं समजलं?”

“मग एक्केचाळिसावं घेऊ,” म्हणत मी पानं उलटली. तिथला ठसा ओला होता.

तेव्हा मी पळाले. आज वाटतं, थांबून एवढंच सांगायला हवं होतं, ‘तुमची पुस्तकं पोरं जपून वाचतील हो, काळजी करू नका.’